राहिलेला धपाटा

निपाणी,
ता. १२ जून १९६१

चि. सौ. कां. हेमलता, म्हणजे आमच्या होणाऱ्या सूनबाई, हिला अंबूआत्याचे तोंड भरून आशीर्वाद. वि. वि.

बंगळूरला शाई महाग झाली काय गं? किती दिवस झाले, एक ओळ नाही. का कचेरीत टाइप करून करून हातानं लिहायचंच विसरलीस? तुझ्या बापाचं पत्र येतं, पण तो पडला कारखान्याचा फोरमन, बहिणीलासुद्धा हुकूम सोडल्यासारखं लिहितो. घरातल्या चार गोष्टी कळायच्या तर तूच पाहिजेस.

आता ऐक. माझा बसवंता येत्या सोमवारी बेळगावाहून गाडीत बसतोय. कृष्णानं त्याला आपल्याच कारखान्यात लावून घेतो म्हणून कळवलंय, आणि राहायला तुमच्याकडेच. इथं तंबाखूच्या वखारीत पोरगं खोकून खोकून अर्धं झालं. त्याला बाप नाही, मी एकटी बाई किती पुरी पडणार? मामाच्या घरी चार घास नीट खाईल, माणसात येईल. त्याला तिखट लागतं. राग आला की ताटावरून उठतो, तेव्हा मागं जाऊन हाक मारायची, लगेच येतो. आत्तापासून शिकून घे बाई, पुढं जन्मभर तुलाच करायचंय!

तोंड वाकडं करू नको. बारशाला तुझ्या डाव्या कानात कुर्र करून नाव कुणी सांगितलं? या आत्यानं. नाव सांगितल्याबरोबर रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. तुझ्या आईनं तर असा हाणला की जुनं वैर काढतेय वाटावं! तशीच वाकून मी तुझ्या गळ्यात काळी पोत बांधली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ही माझ्या बसवंताची. कृष्णा हसून म्हणाला, घेऊन जा अक्का, वर एक म्हैस देतो. बसवंता तेव्हा पाच वर्षांचा, नाक गळतंय आणि पाळणा हलवतोय. सगळ्यांचे धपाटे झाले, तुझा तेवढा राहिला. लग्नात घाल, पाठ तयार ठेवते.

वहिनीला सांग, शेंगदाण्याची चटणी बसवंताबरोबर देतेय. आत्याला विसरू नको, माया पातळ होऊ देऊ नको. हे आशीर्वाद.

तुझी
अंबूआत्या


यशवंतपूर, बंगळूर,
ता. ३ सप्टेंबर १९६१

ती. अंबूआत्यास हेमाचा शि. सा. न. वि. वि.

चटणी कधीच संपली. शेजारच्या कानडी मावशींनी स्वल्प द्या, स्वल्प द्या म्हणत अर्धी नेली. कचेरीत आता मोठ्या साहेबांची पत्रं मी टाइप करते. शब्द अडला तर त्यांच्या कपाटातला जाडजूड इंग्रजी कोश बघायची मुभा मिळालीय. त्यामुळे मी फार शहाणी झालेय असं आईचं म्हणणं.

शहाणी झालेय म्हणूनच एक गोष्ट सरळ लिहिते, रागावू नको. मला सूनबाई म्हणणं बंद कर. मी बसवंतदादाला दादा म्हणते ते उगाच नाही. मला त्याच्याशी लग्न करायचं नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, स्वयंपाकघरात, आई भाकरी थापत होती तिच्यासमोर. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. मग बाहेर जाऊन भिंतीवरचा आरसा मुठीनं फोडला. काचा वेचताना माझ्या तळपायात एक गेली. तो बसून रक्त बघत होता, पण उठला नाही.

हे झाल्यावर तरी थांबावं? आमच्या कचेरीत विद्याधर म्हणून कारकून आहेत. माझी छत्री राहिली होती ती द्यायला ते बसस्टॉपवर आले. दादानं त्यांना सायकलच्या साखळीनं मारलं. माणूस चिखलात पडलेला, तोंडातून रक्त, पुढचे दात गेले, आणि हा वरून विचारतोय की माझ्या बायकोच्या वस्तूला हात कसा लावलास. बायको! सगळ्या यशवंतपुरासमोर. मी मध्ये पडले तर माझा हात पिरगाळला. बाबांनी विद्याधरांची माफी मागितली आणि घरी येऊन हसत म्हणाले की पोराचं रक्त गरम आहे, मंडपात उभा केला की निवेल.

आत्या, तुझं तो ऐकतो. त्याला माघारी बोलाव. आणि तुम्ही सगळे मिळून जी थट्टा करता ना, नवरा आला गं, नवऱ्याला वाढ गं, ती तुम्हाला थट्टा वाटते, त्याला ती खरी वाटते. मला त्याची भीती वाटते. इतकं स्पष्ट मी कुणालाच लिहिलेलं नाही.

तुझ्या गुडघ्यांना तेल लावत जा. माझ्यावरची माया आहे तशीच असू दे, सून नसले तरी.

तुझी
हेमा


निपाणी,
ता. २० ऑक्टोबर १९६१

चि. सौ. कां. हेमलता हिला अंबूआत्याचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. आधी हसू आलं, मग राग आला, मग परत हसू आलं. अगं वेडे, आरसा फुटला तर दुसरा येईल! भांड्याला भांडं लागतंच. तुझे आतोबा काय साधे होते? एकदा आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून वरवंटा उचलून माझ्या खांद्यावर घातला होता. हाड जुळलं ते वाकडंच, अजून थंडीत ठणकतं. म्हणून मी काय नांदले नाही? ते गेले तेव्हा जमिनीवर डोकं आपटून मीच रडले. पुरुषाचा राग दुधाच्या उकळीसारखा असतो, फुंकर मारली की बसतो. तुला फुंकर मारता येत नाही, तू पाणी ओततेस.

आणि त्या कारकुनाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? तरण्या पोरीची छत्री घेऊन फिरतो! बसवंताचं चुकलं, मी त्याला लिहिलंय. पण जीव आहे म्हणूनच एवढा जळतो ना गं? परक्या पोरीसाठी कोण दात पाडतं?

त्याला माघारी बोलावणार नाही. लागलेली नोकरी कुणी सोडतं का? तो दिवाळीआधी इकडं येऊन गेला की त्याच्याबरोबर तुला इरकली पाठवते. लाल आहे, तुझ्या रंगाला खुलेल. पाडव्याला नेस आणि त्याला ओवाळ. सगळं सरळ होईल. आत्या सांगते ते ऐक, आत्यानं तुझं वाईट कधी चिंतलंय?

माया आहे ती आहेच, सून झालीस की दुप्पट.

तुझी
अंबूआत्या


यशवंतपूर, बंगळूर,
ता. १९ फेब्रुवारी १९६२

अक्का,

नमस्कार-चमत्कार काही लिहीत नाही. तार मिळाली असेल. तारेत मावलं नाही ते लिहितो.

शुक्रवारी सकाळी हेमा कचेरीला निघाली. रेल्वेचं फाटक बंद होतं, माणसं थांबली होती. तुझा मुलगा मागून आला. विचारलं, शेवटचं सांग, हो का नाही. ती नाही म्हणाली. त्यानं पिशवीतून विळा काढला. पहिला वार गळ्यावर होता. तिनं डावा हात आडवा घातला, दोन बोटं तिथंच पडली. दुसरा कानावर. कान गेला अक्का, मुळापासून, आणि गाल ओठापर्यंत उघडा. तिसरा खांद्यावर. मालगाडी जात होती, तिच्या आवाजात पोरीचं ओरडणं कुणाला ऐकू आलं नाही. बघत उभे होते त्यांच्यापैकी एका हमालानं शेवटी डोक्यावरचं पोतं त्याच्या अंगावर फेकलं, म्हणून चौथा बसला नाही.

मी धावत पोचलो तेव्हा लोकांनी त्याला फाटकाच्या खांबाला बांधलं होतं. मी रुळावरची खडी उचलली आणि त्याच्या तोंडावर मारत सुटलो. ठेचून मारणार होतो. तीन पोलिसांनी ओढून काढलं. बरं केलं की वाईट, मला अजून कळत नाही.

आता त्याची अक्कल ऐक. तो म्हणतो, घरून रिकाम्या हातानं निघालो होतो, तिनं नाही म्हटलं आणि डोकं फिरलं, फाटकापाशी एक गवतवाली बसली होती तिचा विळा ओढून घेतला. विळा आमच्या घरातला नाही हे खरं. मुठीला हिरव्या काठाची चिंधी गुंडाळलेली आहे. पण ती गवतवाली पोलिसांना सापडत नाही.

इंग्रजी पेपरात चार ओळी आल्या. विद्याधरांनी, त्याच बिनदातांच्या विद्याधरांनी, इस्पितळात मला वाचून दाखवल्या. त्यात तुझ्या मुलाला जिल्टेड लव्हर म्हटलंय. म्हणजे काय विचारलं तर ते खाली बघायला लागले.

पोरगी जगेल असं डॉक्टर म्हणतात. तू येऊ नको. आलीस तर माझ्या हातून काहीतरी होईल.

कृष्णात


निपाणी,
ता. २ एप्रिल १९६२

चि. हेमलता हिला अंबूआत्याचे आशीर्वाद. वि. वि.

काय लिहू? अन्न गोड लागत नाही. तुझ्या बापानं येऊ नको लिहिलं, तरी मी आले होते. इस्पितळाच्या दारात वहिनीनं मला बघितलं आणि चप्पल काढली. मार खाल्ला आणि तशीच दारातून मागं फिरले. तुला बघायला नाही मिळालं.

मेल्याला मी शिव्याशाप दिले. तुरुंगात जाऊन गजांतून त्याच्या तोंडावर थुंकले. पण थुंकून झाल्यावर बघितलं तर माझंच पोर, ओठ फुटलेला, एक डोळा मिटलेला. मला दुसरं कोण आहे गं?

बंगळूरचे रघुपती वकील केस चालवणार आहेत. ते म्हणाले की खुनाचा बेत ठरला तर पोरगा म्हातारा होऊन बाहेर येईल. पण अचानक संताप झाला असं दिसलं तर थोडक्यात सुटेल. त्यासाठी एकच गोष्ट लागते. इंग्रजीत एक शब्द आहे, जिल्ट. ते म्हणाले, मुलीनं याला जिल्ट केलं, एवढं तिच्याच तोंडून आलं की जज्जसाहेबांचं मन वळतं. मी पाळण्यातली सोयरीक सांगायची आणि तू त्या शब्दाला हो म्हणायचं, बास.

तो शब्द मला कळत नाही. तू इंग्रजी शिकलेली, तुझ्याजवळ कोश आहे. अर्थ काय ते मला लिही. आणि एका हो नं पोरगा वाचत असेल तर म्हण ना गं. तुझं गेलं ते परत येणार नाही, माझं उरलंय ते तरी राहू दे. पदर पसरते.

तुझी अभागी
आत्या


यशवंतपूर, बंगळूर,
ता. २५ एप्रिल १९६२

ती. आत्यास हेमलताचा नमस्कार. वि. वि.

उजव्या हातानं लिहितेय, तो त्यानं ठेवला. डाव्याला तीन बोटं उरली. डाव्या कानाच्या जागी भोक आहे आणि भोवती शिवलेलं कातडं. तू माझं नाव सांगितलंस तोच कान. आई घरातला आरसा लपवते. मी कचेरीतल्या खिडकीच्या काचेत बघते, रोज बघते.

अर्थ विचारलास. सांगते, आणि नीट सांगते, कारण हा शब्द माझ्यावर विळ्यासारखाच उगारलाय. जिल्ट म्हणजे आधी एखाद्याला माया लावायची, आशेला लावायचं, वचन द्यायचं, आणि मग त्याला वाऱ्यावर सोडून द्यायचं. नुसतं सोडणं म्हणजे जिल्ट नाही, आधी धरावं लागतं. दारावर आलेल्या कासाराकडून मी बांगड्या भरल्याच नाहीत, तर हिनं बांगड्या फोडल्या असं कुणी म्हणेल का? तुझ्या मुलाचा हात मी कधी धरला? ओवाळलं तेसुद्धा भाऊबीजेला, पाडव्याला नाही. तुझी इरकली घडी मोडली नाही.

आता वापर ऐक, तो अर्थापेक्षा वाईट आहे. इस्पितळात पडल्या पडल्या विद्याधरांकडून जुने इंग्रजी पेपर मागवून मी हा शब्द शोधत होते. एकानं मुलीवर रॉकेल ओतलं, तो जिल्टेड. एकानं तिला विहिरीत ढकललं, तोही जिल्टेड. एकानं बापासकट कापली, तोही! बातमीत आधी येतो तो, बिचारा, टाकलेला. मग येतं हत्यार. मुलगी शेवटच्या ओळीत, कधी नावासकट, कधी नुसतं वय. वाचणारा चहा पिता पिता म्हणतो, हिनं काहीतरी केलंच असणार. मेलेल्या मुलीला उलटून बोलता येत नाही. मी मेले नाही.

आणि आपली मराठी काय वेगळी आहे? तुमच्या गल्लीतल्या यल्लव्वाला नवऱ्यानं टाकलं, दुसरी आणली. तिला टाकलेली म्हणतात, तोंडावर म्हणतात, हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. तिचं रक्त गरम नव्हतं का? तिनं वखारीतला विळा उचलून नवऱ्याचं तोंड फाडलं असतं, तर कोणता वकील म्हणाला असता की बिचारी, टाकलेली आहे, सोडून द्या? पुरुषानं टाकली तर डाग बाईला, बाईनं नको म्हटलं तरी डाग बाईला. हे कोशात लिहिलेलं नाही, मी लिहितेय.

मी हो म्हणणार नाही. मरता मरता वाचले ते कोर्टात खोटं बोलायला नाही. मी एकदा हो म्हटलं की माझे तिन्ही वार मीच मागून घेतले असं होईल, आणि उद्या फाटकापाशी दुसरी कुणी उभी असेल तिच्यावरही तेच येईल. शब्द दिला तो तू दिलास, बाबांनी वर म्हैस दिली. मी पाळण्यात होते.

त्याच्यासाठी पदर पसरतेस, पसर, तू आई आहेस. पण माझ्यापुढे पसरू नको. मी सप्टेंबरात तुझ्यापुढे पसरला होता, तू इरकली पाठवलीस.

लोभ असू दे असं लिहायला हात उचलत नाही. असेल तर दाखव.

हेमलता


निपाणी,
ता. १६ सप्टेंबर १९६२

बसवंतास,

आशीर्वाद लिहिणार नव्हते. पण हाताला सवय आहे. आशीर्वाद.

कोर्टात तू पिंजऱ्यातून ओरडलास की ही माझी आई नव्हे, हिला मारून टाकीन. ओरडलास ते ऐकलं. आता माझं ऐक, तुरुंगात तुला उठून जाता येणार नाही.

हेमा आधी उभी राहिली. रघुपती वकील तिला त्या एका शब्दानं हाणत होते, जिल्ट केलंस का नाही, हो का नाही, पुन्हा पुन्हा तेच. दुभाष्या कानडीत सांगायचा, तिची मान हलायची, नाही. मग जज्जसाहेबांनी पदर बाजूला करायला सांगितला. मी तो कान बघितला. बारशाला माझे ओठ जिथं टेकले होते तिथं काही नव्हतं.

मग मला बोलावलं. आपल्या वकिलांनी विचारलं, पाळण्यात सोयरीक झाली होती ना. मी होय म्हटलं, खोटं नव्हतं. सरकारी वकिलानं विचारलं, मुलगी तेव्हा काय म्हणाली. लोक हसले. मी म्हटलं, भुकेनं रडत होती. मोठी झाल्यावर काय म्हणाली? रघुपती वकील माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी म्हटलं, नको म्हणाली. त्याला तोंडावर म्हणाली, मला पत्रात लिहिलं, आम्ही कुणी ऐकलं नाही. हिनं माझ्या मुलाला सोडलं नाही साहेब, हिनं त्याला कधी धरलंच नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तर तू थोडक्यात सुटला असतास, हे मला ठाऊक होतं. पण त्या सरकारी वकिलानं टेबलावरचा विळा उचलून माझ्यासमोर धरला. बसवंता, ती मूठ माझ्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची. तुझा हात सोलतो म्हणून तंबाखूच्या हंगामात मीच गुंडाळली होती. संक्रांतीला आलास तेव्हा आढ्यातून तो काढून घेतलास. मी विचारलं तर मामाच्या परसात गवत माजलंय म्हणालास. तिळाचे लाडू मी त्याच पिशवीत भरले. म्हणजे महिनाभर तो विळा तू जवळ ठेवलास, त्याच घरात, तिच्या आईच्या हातची भाकरी खात. महिनाभर उशाला ठेवलेला असतो तो राग नव्हे. मी सगळं सांगितलं. मूठ मी बांधली हेही सांगितलं.

सात वर्षांची सजा झाली तुला. मी असले तर ये. दाराला कुलूप नसेल. आढ्यात मात्र आता काही ठेवलेलं नाही.

बाहेर व्हरांड्यात कृष्णा माझ्याकडे न बघता निघून गेला. वहिनी पण. हेमा खांबापाशी थांबली. मी तिच्याकडे पाठ केली आणि वाकून उभी राहिले. म्हटलं, बारशाचा तुझा राहिलाय. बराच वेळ काही झालं नाही, मला वाटलं गेली. मग बसला. लटका नव्हता, तीन बोटांचा हात होता, पण असा बसला की श्वास गेला. मग दुसरा, तिसरा. ती मारत होती आणि रडत होती, आणि शिपाई मध्ये पडायला आला त्याला मीच हातानं मागं केलं. थकली तेव्हा थांबली. मग विचारलं, आत्या, जेवलीस का. आम्ही समोरच्या हॉटेलात गेलो. तिला एका बाजूनंच चावता येतं.

पाठ अजून काळीनिळी आहे. टाकलेली म्हणून मी जिला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, ती यल्लव्वा रोज येऊन तेल चोळते. कुणी एवढं मारलं विचारते. मी सांगते, माझ्या भाचीनं.

तुझी आई
अंबूबाई